नकाशात गेलेली पट्टी

दोरवाल्या अण्णांचा धंदाच असा, की माणसाने दिवसभर मागे मागे चालायचं. कमरेला तागाचा भारा गुंडाळायचा, तोंड चाकाकडे ठेवायचं आणि बोटांनी तंतू सोडत सोडत पाठीच्या दिशेने जायचं. चाकाशी त्यांची बायको, गावाच्या काकू, हात फिरवत बसलेल्या. चाक फिरेल तसा पीळ चढत जाई आणि अण्णा लहान लहान होत जात. गावातल्या रिकामटेकड्यांना हा आयता विषय होता. "अण्णा आयुष्यात पुढे का नाही गेले?" असं एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने म्हणायचं, "कसे जाणार बाबा, पोटच मागे चालण्यावर!" अण्णा हसत. अण्णा कशालाही हसत. कुणाचं मन मोडायचं म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येई, आणि गोळा आला की ते हसत. या हसण्याने त्यांना कसं गोत्यात आणलं, तीच ही हकीकत.

दोर वळायला जागा लागते ती लांब. रुंद नसली तरी चालेल, पण लांब हवी आणि सरळ हवी. जागा संपली की दोर संपला. अण्णांच्या आजोबांनी बाजाररस्त्यापासून थेट डेअरीच्या मागच्या भिंतीपर्यंत गेलेली एक चिंचोळी पट्टी विकत घेतली, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. घर बांधावं तर मावत नाही, नांगर घालावा तर बैल वळत नाहीत. पण तीन पिढ्या त्या पट्टीवर जेवल्या. विहिरीवाले, नावाडी, तंबूवाले, ट्रकवाले, सगळ्यांचे दोर तिथे जन्मले. चालून चालून ती जमीन अशी टणक झाली होती की वर पाणी ओतलं तर ते आत जायचं की बाहेर, याचा विचार करत उभं राही. अण्णा रोज सकाळी ती झाडत. काकू म्हणत, "घरात केर साचला तरी डोळा उघडत नाही, आणि तिकडे काडी पडली की जीव वरखाली. यापेक्षा सवत परवडली असती, निदान तिने स्वयंपाकाला हात लावला असता."

मग गावाचा विकास आराखडा आला.

गावाबाहेरून मोठा रस्ता जाणार होता, एक-दोन कारखाने येणार होते, आणि गाव वाढणारच आहे तर शिस्तीत वाढू दे म्हणून पुढच्या वीस वर्षांत कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे शेतं, हे वरच्या कचेरीने ठरवून पाठवलं. नगररचना खात्याच्या एक बाई आल्या, पालिकेच्या मोठ्या खोलीत भिंतभर नकाशा टांगून गेल्या आणि सांगून गेल्या, हा अजून कच्चा आहे, कुणाची हरकत असेल तर महिन्याच्या आत लेखी द्या. दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत अशी गर्दी, जशी कुणाच्या साखरपुड्यात असते. पिवळा रंग म्हणजे घरं, हिरवा शेती, निळा दुकानं, जांभळा कारखाने. जो तो बोट ठेवून आपलं घर शोधत होता आणि मग शेजाऱ्याचं. शिंप्याच्या गोठ्यावर निळा आला म्हणून शिंपी आठवडाभर ताठ मानेने फिरला. मास्तरांच्या घरावर सार्वजनिक बाग आली, तर मास्तरीणबाईंना आनंद झाला, कारण बाग आपल्यालाच मिळणार असा त्यांचा समज. तो दूर करायची हिंमत मास्तरांना अजून झालेली नाही.

अण्णांच्या पट्टीला कुठलाच रंग नव्हता. तिच्यावर दोन तांबड्या रेघा होत्या आणि मध्ये लिहिलं होतं: अस्तित्वातील रस्ता, रुंदीकरण प्रस्तावित.

अण्णांनी ते वाचलं आणि सवयीने हसले. मग त्यांना घाम फुटला.

त्या दिवसापासून दोर वळून झाला की ते पालिकेत जात, नकाशापुढे उभे राहत आणि घरी येत. जेवताना घास हातात राही. चाकाशी काकू ओरडत, "अहो, धागा जाड होतोय! लक्ष कुठाय?" तर अण्णा पट्टीच्या दोन्ही टोकांकडे आळीपाळीने बघत, जणू आत्ताच रोडरोलर वळणार आहे. पालिकेचा शिपाई सुरुवातीला बाकडं पुसून द्यायचा. नंतर तोही कंटाळला.

"अण्णा, रोज बघून रेघ बारीक होत नाही हो."

"नाही रे, सहज आलो."

"सहजच ना? मग आज त्या मास्तरांच्या बागेकडे बघा, मन तरी रमेल."

आता कुणीही म्हणेल, एवढं काय? जमीन आपली, कागद आपले. जायचं आणि सांगायचं, बाई, चूक झाली, हा रस्ता नाही. काकूंनीही पहिल्याच दिवशी हेच सांगितलं. पण अण्णांना तसं जाऊन सांगता येत नव्हतं.

झालं होतं असं. आदल्या हिवाळ्यात मोजणीची माणसं गावात आली होती. पट्टीवर तेव्हा दोर ताणलेला होता, मधे मधे तो पेलायला लाकडी घोड्या उभ्या होत्या. मोजणीवाल्यांची टेप घोड्यांत अडकू लागली. काकू त्या दिवशी माहेरी गेलेल्या. अण्णांनी लगबगीने दोर उतरवला, घोड्या उचलून परसात नेऊन ठेवल्या, पट्टी पुन्हा एकदा झाडून दिली आणि टेपचं एक टोक स्वतः धरून उभे राहिले. वर चहा पाजला. तो पिता पिता मोजणीचा साहेब पट्टीकडे डोळे भरून बघत म्हणाला, "काय सरळ रस्ता आहे! अख्ख्या गावात असा रस्ता नाही."

अण्णांना ऐकू आलं. अगदी स्वच्छ ऐकू आलं. पण तीन पिढ्यांत त्या पट्टीचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. आणि चहा पिणाऱ्या माणसाची चूक त्याच्या तोंडावर कशी काढायची? अण्णा लाजले, आणि हसले.

ही गोष्ट त्यांनी काकूंपासून लपवली होती. त्यांना वाटे, सुनावणीत साहेब उभा राहील आणि म्हणेल, यांनीच तर आम्हाला रस्ता दाखवला, झाडून दिला, टेप धरली! मग गाव हसेल, आणि गाव हसलेलं परवडलं, पण काकू जे बोलतील ते?

शेवटी एका दुपारी, चाकाजवळ बसून ताग विंचरताना, त्यांनी सगळं सांगून टाकलं. काकूंचा हात थांबला.

"म्हणजे माझी सवत तुम्ही स्वतः नटवून, मुंडावळ्या बांधून सरकारला दिलीत?"

"अगं, तो सहज म्हणाला…"

"आणि चहात साखर?"

"घातली होती."

"किती?"

अण्णा पुन्हा ताग विंचरू लागले. काकूंनी कपाळाला हात लावला. पण त्याच संध्याकाळी त्या शेजारच्या दुकानातून कागद घेऊन आल्या, मास्तरांकडून हरकत लिहून घेतली आणि अण्णांचा हात धरून सही करवून घेतली. सही करताना अण्णा दर अक्षराला पेन उचलू लागले, तेव्हा मास्तर म्हणाले, "अण्णा, हरकत आहे ही, काडीमोड नाही."

तसं पाहिलं तर ती थोडी काडीमोडच होती. कारण अण्णांची एकुलती एक लेक दिली होती गावातच, पट्टीला लागून असलेल्या पिठाच्या गिरणीत. गिरणीचं तोंड एका बोळात, एवढ्या अरुंद की दोन पोती समोरासमोर आली तर एकाने मागे जावं. गिरणीची पाठ मात्र पट्टीकडे. रस्ता झाला की पाठीचं तोंड होणार होतं. गिरणीवाले व्याही नकाशा लागल्यापासून हवेत होते. मागच्या भिंतीला किती गाळे बसतील हे ते पावलांनी मोजून बघत आणि भेटेल त्याला सांगत, "खालच्या गाळ्यात औषधांचं दुकान, वर डॉक्टर. आजारी पडायलासुद्धा लांब जायला नको."

हरकतीची बातमी त्यांना कळली तेव्हा ते पट्टीवरूनच तडक आले.

"व्याहीबुवा, हे काय ऐकतो? गावाची प्रगती तुम्हाला बघवत नाही?"

"तसं नाही हो. बसा ना. पाणी…"

"पाणी नको. रस्ताच आहे हा! माझ्या आजापासून आम्ही इथूनच ये-जा करतो. अडवलंत कधी?"

"कसं अडवणार? आपलीच माणसं."

"झालं तर मग! आपल्याच माणसांच्या पोटावर पाय?"

"आणि आमच्या पोटाचं काय?" आतून काकूंचा आवाज आला. "दोर काय गच्चीवर वळायचा? की तुमच्या डॉक्टरच्या जिन्यावर?"

व्याही गेले, ते जेवायलाही बोलवायचे बंद झाले. लेक मागच्या दाराने आली, आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "बाबा, हरकत घ्या नाहीतर घेऊ नका. पण घरी मला कुणी विचारतं, तुझ्या बापाच्या मनात काय आहे, तेव्हा मी काय सांगू?" अण्णांच्या मनात काय आहे ते त्यांनाही भीतीपोटी दिसत नव्हतं. पट्टी गेली तर या वयात काय करायचं? बाजारात नायलॉनच्या दोरांचं दुकान होतं, तिथे गल्ल्यावर बसायचं? आणि पट्टी राहिली तर लेकीला रोज टोमणे. दोन्हीकडून फास. रोज दोर वळणाऱ्या माणसाला तो कसा सोडवावा ते सुचत नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी नगररचनावाल्या बाईंनी टेबलाशी बसून सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग अण्णांची पाळी आली. "तिथे… दोर असतो," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. व्याह्यांनी मात्र उभं राहून सांगितलं, की गाव पूर्वापार तिथून जातं, ती जागा कधीही कुणालाही बंद नव्हती, आणि दोर काय, मधे कधीतरी असतो. मोजणीचा साहेब आला नव्हता, हा एकच आधार. पण त्याच्या मोजणीवरून काढलेला नकाशा भिंतीवर होताच. त्यात घोड्या नव्हत्या, दोर नव्हता. होता तो झाडलेला, सरळ, सुंदर रस्ता.

बाई म्हणाल्या, "मी जागा बघते. उद्या."

त्या रात्री अण्णांनी ठरवलं की सकाळी दोर ताणून, घोड्या मांडून ठेवायच्या. काकूंनी हट्टाने नाही म्हटलं. "पुन्हा नटवायला निघालात? मागच्या वेळी सरकारसाठी काढलंत, आता सरकारसाठी लावणार? जशी असेल तशी बघू दे." सकाळी तागाचा जुना माल संपलेला, नवीन यायचा होता. पट्टी रिकामी. अण्णांना वाटलं, संपलं सगळं.

बाई आल्या. मागून पालिकेचे लोक, व्याही, मास्तर, आणि काही कामधंदा नसलेले सगळे. बाई बाजाराच्या टोकाला उभ्या राहून पट्टीकडे बघत राहिल्या. पट्टी नेहमीसारखी चालू होती. डेअरीतून दुधाचे कॅन घेऊन एक जण आला. शाळेची पोरं आली. धोब्याची बायको डोक्यावर गाठोडं घेऊन पलीकडून अलीकडे आली.

"रोज इतकी माणसं?" बाईंनी विचारलं.

"रोज," अण्णा म्हणाले. खोटं बोलायची त्यांना तेवढ्यापुरती फार इच्छा झाली होती.

"कधी थांबवलंत?"

"नाही."

व्याह्यांनी मान डोलावली. "बघा! मी काय म्हणालो? या, मी दाखवतो, आमच्या गिरणीची मागची बाजू." आणि ते तरातरा पट्टी ओलांडून निघाले.

मधोमध आल्यावर ते वाकले. खाली काही नव्हतं, वर काही नव्हतं. पण गिरणीवाले, एवढे पोटाचे भारदस्त गृहस्थ, टोपीवर हात ठेवून नीट कमरेत वाकले, दोन पावलं तसेच गेले आणि पलीकडे ताठ झाले.

बाई थांबल्या. "तुम्ही काय केलंत आत्ता?"

"कुठे काय?"

"वाकलात."

"मी? छे."

बाईंनी मागे वळून पाहिलं. दुधाचे कॅन घेतलेला माणूस परत चालला होता. पट्टीच्या मध्यावर त्यानेही मान खाली घातली आणि पुढे गेला. शाळेतल्या बुटक्या पोरांना वाकायची गरज नव्हती, तरी वाकली. धोब्याच्या बायकोने गाठोडं डोक्यावरून काखेत घेतलं, पट्टी ओलांडली आणि परत डोक्यावर ठेवलं. अख्ख्या गावाची आयुष्यभराची सवय. पट्टीच्या लांबीभर, मधोमध, छातीच्या उंचीवर दोर ताणलेला असतो. तो कापायचा नाही, त्याला धक्का लावायचा नाही, वाकायचं आणि जायचं. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. आज दोर नव्हता, पण पाठीच्या कण्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

मास्तर आधी हसले. मग शिपाई. मग सगळी पट्टी हसू लागली. व्याही लालबुंद झाले.

"रस्त्यावर माणसं वाकत नाहीत," बाई शांतपणे म्हणाल्या आणि हातातल्या नकाशावर पेन्सिलीने काहीतरी खोडलं. अण्णा हसले नाहीत. त्यांना रडू येत होतं आणि व्याह्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

जायच्या आधी बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "ही उद्योगाची जागा म्हणून दाखवते. रस्ता डेअरीच्या पलीकडून ओढ्याच्या कडेने नेता येईल. पण ऐका. पुढचा आराखडा होईल तेव्हा मी नसेन. तुम्ही कधीच कुणाला अडवलं नाही, तर एक दिवस खरंच हा रस्ता ठरेल, आणि तेव्हा वाकून भागणार नाही. वर्षातून एक दिवस तरी दोन्ही टोकं बंद ठेवा. गावाला कळू द्या की जागा तुमची आहे, आणि बाकीचे दिवस तुम्ही जाऊ देता."

"बंद? म्हणजे कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

अण्णांना वाटलं होतं, काळजी संपली. ती नव्याने सुरू झाली.

कुठला दिवस? मंगळवारी बाजार असतो. बुधवारी दवाखाना. गुरुवारी डेअरीत दुधाच्या पैशांचा चुकारा, मग सगळं गाव तिकडे. शनिवारी शाळा सकाळची. अण्णा दारोदार विचारत फिरले. "तुम्हाला कुठला दिवस सोयीचा पडेल, मला न जाऊ द्यायला?" लोकांनी पोट धरधरून हसावं. शिंपी म्हणाला, "अण्णा, माझं लग्न झालं ती तारीख ठेवा, त्या दिवशी मला कुणी अडवायला हवं होतं." प्रत्येकाने वेगळा दिवस सांगितला आणि अण्णांनी प्रत्येकाला "बरं" म्हटलं. महिने गेले. नवा पक्का नकाशा लागला, पट्टी जांभळी झाली, ओढ्याकडे रस्त्याच्या खुणा पडल्या. गिरणीवाले समोरून आले की बोळात शिरत. पट्टी बंद काही झाली नाही. शेवटी एका सकाळी काकूंनीच घरातला सगळ्यात जाड दोर काढला, बाजाराच्या टोकाला आडवा बांधला आणि म्हणाल्या, "आज."

"आज? अगं, कुणाला सांगितलं नाही!"

"कळेल येतील तेव्हा. मी इथे बसते. तुम्ही डेअरीकडच्या टोकाला बांधा, आणि तिथेच बसा. हसू नका."

अण्णांनी दोर बांधला, पण बसवेना. पहिली आली धोब्याची बायको. "मावशी, आज नाही हो," अण्णा म्हणाले, आणि तिचं तोंड बघवेना म्हणून तिचं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेऊन लांबच्या वळणाने तिला पोचवून आले. मग दुधाचे कॅन. मग एका म्हातारीची लाकडं. दुपारपर्यंत अण्णा अर्ध्या गावाचं ओझं वाहून घामाघूम झाले. मधून मधून धावत येऊन दोर जागेवर आहे ना, खालून कुणी शिरलं नाही ना, बघत.

ऊन कलल्यावर बाजाराच्या टोकाला व्याही आले. पाठीवर गव्हाचं पोतं, गुडघा आधीच दुखरा. काकूंनी पदर सावरला आणि त्या आडव्या दोराकडे बघत राहिल्या. अण्णा धापा टाकत पोचले.

"सोडा," व्याही म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांच्याशी बोललेला पहिला शब्द.

अण्णांच्या पोटात गोळा आला. तोंड हसायला उघडलं. ते त्यांनी मिटलं.

"आज नाही."

"मला नाही?"

"कुणालाच नाही, व्याहीबुवा. उद्या सकाळी पहिले तुम्हीच जा. आज नाही."

व्याह्यांनी तोंडाला येईल ते ऐकवलं. अण्णांनी ऐकून घेतलं, मग वाकून त्यांच्या पाठीवरचं पोतं आपल्या खांद्यावर घेतलं आणि बोळाच्या दिशेने लांबची वाट धरली. व्याही लंगडत मागून येत राहिले आणि तोंडाचा पट्टा चालूच होता: हट्टी, कोडगा, गावाची प्रगती खाणारा, आणि पोतं तिरकं धरलंय, सांडेल! अण्णांनी पोतं सरळ केलं. बोळात समोरून एक बाई येत होती, तिला वाट द्यायला दोघेही भिंतीला चिकटले, आणि तेवढा वेळ व्याही बोलायचे थांबले.

गिरणीचं दार व्याह्यांनी उघडलं नाही, लेकीने उघडलं. बापाच्या खांद्यावर सासऱ्याचं पोतं बघून ती क्षणभर दारातच थबकली.

"बाबा, पट्टी?"

"बंद आहे," अण्णा म्हणाले. पोतं उतरवून त्यांनी कपाळ पुसलं आणि पाणी न पिताच मागे वळले. बाजाराच्या टोकाला आता शिंपी बोचकं घेऊन उभा असणार, आणि काकू एकट्या त्याला काय बोलत असतील, या काळजीने ते पाय भराभर उचलत होते.